चेहऱ्यावरचा माण तालुका

माझ्या खोलीतल्या सोबत्याइतका आरशात पाहणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात दुसरा नसेल. स्वतःचं रूप आवडायचं म्हणून नव्हे, मुरुमांची खबर घ्यायची म्हणून. तो माण तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरचा, मी वडूजकडचा. कॉलेजची पायरी चढणारे आम्ही दोघंही आपापल्या घरातले पहिलेच. खिळ्याला टांगलेल्या वीतभर आरशापुढे उभा राहून तो मुरुमांना आपल्या मुलखातल्या गावांची नावं द्यायचा. कपाळ म्हसवड, नाक दहिवडी. "गड्या, म्हसवड बसलं, पर दहिवडीला लय मोठं उठलंय," असं तो इतक्या काळजीनं सांगे की मला धड हसताही येत नसे. उपाय तर विचारू नका. जायफळ उगाळून झालं. सकाळची शिळी थुंकी लावायची म्हणून चूळ भरण्याआधी तो कुणाशी बोलत नसे. मुलतानी माती थापली की ती तडकू नये म्हणून तोंड बंद. खाणावळीच्या मावशींनी भाकरी किती विचारलं तर बोटं दाखवायचा. शेंगदाण्याची चटणी उष्ण, म्हणून घरून आलेली सगळी आम्हाला वाटायचा आणि आम्ही खाताना बघत बसायचा.

हे सगळं फौजेच्या भरतीसाठी होतं. त्याचा चुलता फौजेत होता. त्यालाही जायचं होतं, आणि ही भरती हुकली तर पुढच्या भरतीपर्यंत त्याचं वय उलटणार होतं. "शिपायाचं त्वांड कसं पायजे? घासल्याल्या तांब्यावानी," तो म्हणे. मुरुमं दिसली की डॉक्टर परत पाठवणार, ही त्याची खात्री. मी त्याला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "ही वयाची आहेत. साबणानं तोंड धू, फोडू नकोस, गंधकाचं मलम लाव आणि दोन-तीन महिने थांब."

बाहेर येताच तो उसळला. "भरती आठ दिसांवर आलीया, आन् ह्यो म्हनतोय थांब!"

मग त्याला बिब्बा आठवला. मेंढराच्या खुराला, टाचेच्या भेगांना, रुतलेल्या काट्याला आमच्याकडे बिब्ब्याचं तेलच देतात. चेहऱ्याची कातडी मऊ असते, असं मला म्हणावंसं वाटलं. पण माझ्या आईनंही माझ्या टाचांना बिब्बाच लावला होता. तिच्यापेक्षा मला काय जास्त कळतं, असं वाटून मी गप्प राहिलो. सुईला टोचलेला बिब्बा तापवायला दिवा मीच धरला. त्यानं एकेका मुरुमाला तेलाचा ठिपका दिला.

दोन दिवसांत बिब्बा उतला. तोंड सुजलं, डोळ्यांच्या फटी झाल्या, फोड चिघळले. खोबरेल चोपडून तो तसाच भरतीला गेला. मी मैदानाबाहेर त्याचा सदरा घेऊन उभा होतो. पळण्यात तो सगळ्यांच्या पुढं होता. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन माझ्या शेजारी बसला.

"डाक्टर म्हनला, मुरमं निम्म्या पोरास्नी हायती, त्येला कोन इचारतंय? पर ह्या चिघळल्याल्या तोंडानं घेता येत न्हाई. फुडल्या भरतीला ये."

"मग?"

"वय बसायचं न्हाई, म्या म्हनलं. त्येनं फुडच्याला हाक मारली."

त्या वर्षी परीक्षेआधीच तो गावी गेला, मेंढरांकडे. त्यानं पत्र लिहिलं नाही आणि मीही धीर केला नाही.

गेल्या उन्हाळ्यात दहिवडीच्या स्टँडवर तो अचानक भेटला. चेहऱ्यावर आता मुरुमं नव्हती, नुसते काळे डाग. धाकट्या भावाला गाडीत बसवायला आला होता. भाऊ फौजेत लागला होता. खिडकीत बसलेल्या त्या पोराचे गाल मुरुमांनी भरलेले होते.

"तोंडाबद्दल काही म्हणाले का रे?" मी हळूच विचारलं.

"काय न्हाई. पळ म्हनलं, पळाला."

गाडी सुटली. धुरळा बसेपर्यंत आम्ही उभे राहिलो. मग मी कशीबशी सुरुवात केली, "त्या बिब्ब्याच्या दिवशी मी तुला..."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे रं. तू बोलला असतास, तरी मी कुठं ऐकनार हुतो?"