मामांनी फुंकलेले आकडे

कल्पना करा, सकाळी उठल्याउठल्या तुम्हाला एका प्लास्टिकच्या नळीत फुंकायचंय. उभं राहून, छाती भरून, एका दमात. काटा जिथवर सरकेल तो आकडा बघायचा. असं तीनदा, आणि सगळ्यांत मोठा आकडा वहीत लिहायचा. आता हेच, दम लागलेला असताना करा.

माझी मामी हे रोज करायची. मामांचं गाद्यांचं दुकान. मागच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र, आणि त्याची धूळ थेट वर घरात. दमा तिला लग्नानंतर जडला. रोजचा स्टेरॉइडचा पंप पुरेना, तेव्हा दवाखान्यात चाललेल्या एका अभ्यासात तिने नाव दिलं. तो पंप सगळ्यांना सारखाच. जोडीला काहींना श्वासनळ्या दिवसभर मोकळ्या ठेवणारं दुसरं औषध, तेही पंपानेच ओढायचं. काहींना झोपताना एक गोळी. जास्त उपयोग कशाचा, ते वह्यांवरून ठरणार होतं. मामीच्या वाट्याला गोळी आली.

पहिल्या दोन आठवड्यांत आकडा दोनशे चाळीसवरून तीनशे दहावर गेला. नर्स म्हणाली, "काकू, तुम्ही तर पहिल्या नंबरात!" मामी ते घरोघर सांगत फिरली. मग आकडा घसरू लागला.

"अहो, ती पोर किती खूश झाली होती. आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

"त्यात काय! आण इकडे, मी फुंकतो."

"तुमचा लोहाराचा भाता. चारशेच्या वर जाईल काटा."

"मग शंभर कमी करून लिही. वजाबाकी येते ना?"

दोघं खूप हसली. हसता हसता तिला ढास लागली.

पुढचे पाच आठवडे मामाच फुंकत होते. वही बघून डॉक्टर म्हणाले, उत्तम, काही बदलायला नको. त्यानंतर एका दुपारी, अर्धी शिवलेली गादी समोर असताना, मामी गेली.

वही दवाखान्यात जमा आहे. वर्ष झालं, खरं सांगायला मामा दोनदा तिथल्या पायरीपर्यंत जाऊन परत आले. मी औषधशास्त्र शिकलेय, म्हणून मलाच विचारतात. ती आपल्यामुळे गेली का, हे विचारत नाहीत. ते त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलंय. परवा यंत्र बंद केलं, भुवयांवरचा कापूस तसाच, आणि म्हणाले, "पोरी, त्या गोळीला माझ्या छातीचे मार्क मिळालेत. ते बघून कुणा बाईला तीच लिहून देत असतील. ते आकडे अजून खोडता येतील का गं?"