बकरीच्या पायाचा कापूस

त्या वर्षी पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता, पण निम्मा कवडी, म्हणजे किडका, पिवळा पडलेला. गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली होती. या बियाण्याला बोंडअळी लागतच नाही, असं सांगून दुकानदारानं ते आमच्या गळ्यात मारलं होतं. माझा तो संताप अजून गेलेला नाही. बाबा दिवसभर कुणावर ना कुणावर खेकसायचे. आई मुकाट्यानं वेचणी करायची आणि संध्याकाळी गोठ्यात बकरीजवळ जाऊन बसायची. बकरी तिची एकटीची, माहेराहून आणलेली. बाकी शेत, कापूस, सगळं बाबांचं.

एकदा कुत्र्यांनी बकरीचा मागचा पाय फाडला. आईनं ढिगातला त्यातल्या त्यात पांढरा कापूस निवडला, सरकी काढली, जखमेत हळद भरली आणि लुगड्याच्या चिंधीनं पाय करकचून बांधला. आमच्याकडे माणसालाही असंच बांधतात. आणि बांधलेली जखम मधे सोडायची नाही, वारं लागतं म्हणतात. काही दिवसांत बकरीनं चारा सोडला. पायाजवळ नाक नेववेना.

"पऱ्हाटी गेली त जाऊ दे," आई म्हणाली, "पन हिले नाही जाऊ देत मी."

काळी-पिवळी जीपमध्ये बकरी पायाशी घेऊन आम्ही मायलेकी जळगाव जामोदला जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी चिंधी सोडली. आत सगळा पू. त्यांनी आमच्या कापसाचा कडेचा स्वच्छ तुकडा वाटीतल्या पाण्यात टाकला. तो तरंगत राहिला. मग स्वतःच्या औषधी कापसाच्या गुंडाळीतला टाकला. तो लगेच भिजून बुडाला.

"शेतातला कापूस पाणी पीत नाही, बाई. पू आतच कोंडला. रोज सोडा, मिठाच्या पाण्यानं धुवा, हा कापूस लावा. अन् सैल बांधा."

आईनं वाटीतला तो तरंगता तुकडा बोटानं दाबून पाहिला. "हाव," ती म्हणाली.

येताना तिनं औषधाच्या दुकानातून निळ्या कागदातली गुंडाळी घेतली. ती बघून बाबा भडकले. "कापसाच्या घरात कापूस इकत आनला? लोक काय म्हनतीन?"

त्यांना लागलं ते मला कळत होतं. आमच्या घरी देवाची वातसुद्धा शेतातल्या कापसाची. आई गोठ्यात बसून पट्टी बांधू लागली.

रोज ती पट्टी सोडायची, मी पाय धरायची. बकरी लाथा झाडायची आणि मी तिला शिव्या द्यायची. पिवळा, भिजलेला कापूस निघायचा. तो आई चुलीत टाकायची. तिकडे बाबा शेतातली उभी पऱ्हाटी, कापसाची झाडं, उपटत होते.

एका सकाळी कापूस कोरडा निघाला. आईनं तो उलटून पाहिला, वास घेतला. बकरीनं पाय टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला.

बोंडअळीनं शेत नेलं तेव्हा आईच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आता तो कोरडा कापूस मुठीत धरून ती ढसाढसा रडली. बाबा गोठ्याच्या दारात उभे होते. ते आत आले, निळ्या गुंडाळीतला कापूस तोडला आणि तिच्यापुढे धरला.