घंटासर आणि वाढणारा खांब

शाळेतील मुले त्यांना पाठीमागे घंटासर म्हणत असत. हे नाव त्यांना उगाच पडलेले नव्हते. तासाची घंटा झाली की सर बोलता बोलता जिथे असतील तिथेच थांबत. वाक्य अर्धे असेल तर अर्धेच राही. एकदा ते फळ्यावर वर्तुळ काढत असताना घंटा झाली, तेव्हा वर्तुळ तसेच सोडून, खडू पेटीत ठेवून ते बाहेर पडले. पुढच्या तासाच्या बाईंनी फळ्याकडे पाहून विचारले, "याला कुणी चावा घेतला?" सर्व वर्ग हसला. सरांना मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. शिक्षकाने वेळेबाहेर जाऊ नये, आणि आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे वर्गाला कधी कळू देऊ नये, या दोन नियमांवर त्यांनी आपली सारी नोकरी निभावली होती.

नव्या मुख्याध्यापिका आल्या आणि या नियमांना धक्का बसला. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, जरी शिक्षकांच्या खोलीत सर्वांत ठेंगण्या त्याच होत्या. त्यांनी मधल्या सुट्टीनंतरची घंटाच बंद केली. दुपारभर एका वर्गाला एकच विषय, असे ठरले.

"पण तास संपला हे कोण ठरवणार?" सरांनी विचारले.

"तुम्ही आणि मुलं," मोठ्या बाई म्हणाल्या.

सर बुचकळ्यात पडले. हा हुकूम होता की विनंती, हेच त्यांना उमगेना. आजवरच्या मुख्याध्यापकांचा धाक त्यांना ठाऊक होता, त्या धाकात कसे वागावे हेही ठाऊक होते. या बाई मात्र स्वतः जिना झाडत, मुलांना नावाने हाक मारत आणि शिक्षकांना सल्ला विचारत. सल्ला विचारणाऱ्या वरिष्ठाशी कसे वागावे, हे सरांना कुणी शिकवले नव्हते. घंटा बंद झाल्यापासून त्यांना बोलणे कुठे थांबवावे तेच कळत नसे. मुले त्यांच्या तोंडाकडे पाहत, ते मुलांच्या तोंडाकडे पाहत, आणि दोन्ही बाजू अवघडून बसून राहत.

अखेर त्यांनी शाळा सोडण्याचे मनात पक्के केले. त्यांच्या मेव्हण्याने फरश्यांच्या दुकानात गोदाम सांभाळायचे काम शोधून ठेवले होते. शाळा सुटल्यावर दुकानात जाऊन मालकाला होकार द्यायचा, एवढेच उरले होते. त्या सकाळी डबा भरताना पत्नीने विचारले, "अहो, तुम्हाला खरंच करमेल का त्या फरश्यांत?"

"फरशी उलट प्रश्न विचारत नाही," सर म्हणाले.

"लग्न झाल्यावर थोडे दिवस मीही विचारत नव्हते," असे म्हणून तिने डबा त्यांच्या हाती दिला.

त्या दुपारी सर भूमिती शिकवत होते. काठीची उंची आणि तिची सावली माहीत असेल, तर खांबाच्या सावलीवरून खांबाची उंची काढता येते. हे उदाहरण ते प्रत्येक वर्षी त्याच आकड्यांनी फळ्यावर सोडवून दाखवत. ते संपताच पुढच्या बाकावरील चष्म्याच्या मुलीने हात वर केला. वर्गात तिला चष्मिष म्हणत.

"सर, आपल्या मैदानातला झेंड्याचा खांब खरा किती उंच आहे?"

सरांना ते माहीत नव्हते. "ते परीक्षेला येणार नाही," असे ते म्हणणार, एवढ्यात दारातून मोठ्या बाईंचा आवाज आला.

"मलाही माहीत नाही. रोज त्याच्या जवळून जाते. सर, मोजू या का?"

मुख्याध्यापिकेने सर्व वर्गासमोर "मला माहीत नाही" म्हणावे आणि तरी वर्गाने त्यांच्याकडे आदराने पाहावे, हे सरांच्या डोक्यावरून गेले. पण मुले तोवर उठली होती.

मैदानात काठी उभी रोवली. तिच्या सावलीच्या टोकाला खडूची खूण केली, सावली मोजली. मग मोजपट्टी कोणी धरायची यावरून भांडण लागले. सर्वांत उंच असलेल्या लांब्याने ती हिसकावली, दुसऱ्याने परत ओढली. अखेर खांबाची सावली मोजून झाली. गुणाकार-भागाकार झाले. उत्तर पाहून लांब्या म्हणाला, "एवढा नाही वाटत. परत मोजू."

"खांबाची सावली मोजा," सरांनी बजावले. "काठीची मोजलेलीच आहे. केलेले काम पुन्हा करून वेळ दवडू नये."

दुसऱ्या वेळी खांब अधिक उंच निघाला. तिसऱ्या वेळी तर तो शाळेच्या छपराहून उंच निघाला, आणि समोर पाहावे तर तो छपराच्या खालीच होता.

"सर, खांब वाढतोय," लांब्या म्हणाला.

"आपण खत घातलं होतं का रे?" मागून कोणीतरी विचारले.

सरांनी गुणाकार पुन्हा तपासला. गुणाकार बरोबर होता. सूत्रही बरोबर होते. सारी हयात शिकवलेले सूत्र मुलांसमोर त्यांना दगा देत होते, आणि का, ते कळत नव्हते. मोठ्या बाई पायरीवर बसल्या होत्या. "मी तर हात टेकले," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काही सुचतं का, सर?"

सरांनी पुन्हा गुणाकाराच्या कागदात डोके घातले. चष्मिष मात्र काठीजवळ जाऊन खाली वाकली होती.

"सर, इकडे या ना. खूण इथे आहे आणि सावली पार पुढे गेलीय. काठीपण वाढलीय."

सर धावत गेले. खरोखरच, ते सर्व खांबाशी भांडत असताना ऊन कलले होते आणि काठीची सावली खडूची खूण ओलांडून गेली होती. फळ्यावरची सावली कधी हलत नसे.

"माझ्यामुळे चुकलं," त्यांच्या तोंडून निघून गेले. कोणी हसले नाही. कारण सर्व जण आता दुसऱ्याच वादात गुंतले होते.

"दोन्हीकडे एकदम मोजलं पाहिजे."

"एकदम म्हणजे कधी, ते कळणार कसं? ओरडायचं?"

"तू ओरडतोस तेव्हा कोण ऐकतं?"

"घंटा वाजवू या," चष्मिष म्हणाली.

शाळेची घंटा वाजवणाऱ्या शिपाईमामांनी मोठ्या बाईंकडे पाहिले. "दुपारची बंद आहे ना?"

"उद्या एकदा चालू," त्या म्हणाल्या. "सर वाजवतील."

तोवर सूर्य इमारतीमागे गेला आणि मैदानावरच्या सगळ्या सावल्या मिटल्या. फाटकात स्कूटर थांबली. मेव्हणा उतरला, तेव्हा सरांना दुकानाची आठवण झाली.

"दाजी, मालक दोनदा चहा पिऊन निघून गेले. तुम्ही इथे खांबाभोवती घिरट्या घालताय?"

"खांब वाढत होता," सर म्हणाले.

मेव्हण्याने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही. हे बघा, आत्ता हो म्हणालात तर जमेल. नाहीतर मालक त्यांच्या भाच्याला ठेवणार आहेत. काय सांगू?"

"भाच्याला ठेवू दे."

आपण असे म्हणालो, याचे सरांनाच आश्चर्य वाटले.

"का पण?"

"उद्या दुपारी मला घंटा वाजवायची आहे."

"म्हणजे आता शिपाई झालात?" मेव्हण्याने स्कूटर सुरू केली. "ताईला तुम्हीच सांगा. मला या भानगडीत पाडू नका."

पत्नीने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मग किती उंच निघाला?" "उद्या मोजायचा आहे," सर म्हणाले; आपण दुकानात गेलो नाही ते बरे केले की वाईट, हे मात्र त्यांना ठरवता आले नाही.

दुसऱ्या दुपारी त्यांनी घंटेवर टोला दिला. काठीजवळच्या आणि खांबाजवळच्या, दोन्ही टोळ्यांनी त्याच क्षणी सावल्यांच्या टोकांना खुणा केल्या. मग पुन्हा एकदा टोला, पुन्हा खुणा. दोन्ही उत्तरे छपराच्या खालची आली, पण एकमेकांशी जुळली नाहीत. हातभर फरक राहिला.

"सर, आता का चुकतंय?" लांब्याने विचारले.

गुणाकार तपासा, हे शब्द सरांच्या अगदी ओठांवर आले होते. त्यांनी मैदानाकडे पाहिले. मोठ्या बाई कालच्या पायरीवर नव्हत्या.

"मला नाही कळलं," घंटासर म्हणाले.

चष्मिषने चष्मा वर सरकवला. "सावलीची कड नीट दिसतच नाही, सर. धुरकट असते. जवळून बघायला हवं."

ती पुढे गेली, मुले तिच्यामागे गेली. सरांनी खडू पेटीत न ठेवता खिशात टाकला आणि तेही गेले.