दावं तुमचं, जनावर माझं

बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आज सांगून टाकतो, कारण आता लपवण्याचाही कंटाळा आला आहे. बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या टापूत खोटं बोलायची अक्कलच नसलेला एकच व्यापारी होता, आणि त्याला खोटा मी पाडला. हे बायकोचे दूरचे मामा, मूळचे सुप्याकडचे. घरची मेंढरं त्यांच्या वडिलांनीच मोडली, पुढे मामांनी जन्मभर एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी केली; पण त्यांच्यातला जनावरांच्या बाजारातला माणूस काही निवृत्त झाला नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी असा धंदा काढला, की लग्नपत्रिकेत तो कसा लिहावा हे घरच्यांना कळेना. कंपन्यांनी हौसेनं घेतलेली आणि न वापरता पडून राहिलेली सॉफ्टवेअरची लायसनं ते विकत घेत आणि छोट्या वर्कशॉपवाल्यांना विकत. स्वतःला माऊस धरता येत नसे. अशा पडून राहिलेल्या लायसनाला ते 'भाकड' म्हणत. "सायेब, ईस घेतलीसा, आठ चालत्यात. बाकीची बारा दावणीला उभी ऱ्हाऊन वैरण खात्यात की!" वैरण म्हणजे दरवर्षीची फी. सॉफ्टवेअर जुनं की नवं हे विचारायचं तर "किती दाती?" एकदा पुण्याहून आलेल्या मॅनेजरशी भाव ठरवायला त्यांनी टेबलावर उपरणं पसरलं आणि बाजारातल्या रिवाजाप्रमाणे त्याखाली बोटं धरायला सांगितलं. लाच देतोय की काय, म्हणून तो बिचारा खुर्चीसकट मागं सरकला. "शिकल्याली मानसं, जावईबापू," मामा घरी येऊन म्हणाले, "पर हात धराय भित्यात."

व्यवहाराला मात्र कर्मठ. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा लेखी होकार आल्याशिवाय लायसन हलवायचे नाहीत. होकार आला, की विकणाऱ्याच्या एकेका कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम आपल्या डोळ्यांदेखत काढायला लावत, बैलाच्या पाठीवर मारावी तशी मॉनिटरवर थाप मारत, आणि सॉफ्टवेअरचं रिकामं खोकं विकणाऱ्याच्याच हातात देत. जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं विकत नाहीत, ते जुन्या मालकाकडंच राहतं. "दावं तुमचं, जनावर माजं," असं म्हटल्याशिवाय सौदा पुरा होत नसे.

आमच्या कंपनीनं बारामतीचं ऑफिस बंद केलं, तेव्हा आवराआवर माझ्याकडं होती. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची पाच लायसनं मी मामांना दिली. चार त्यांच्यासमोर काढली. पाचवं माझ्या जळोचीच्या घरी लॅपटॉपवर होतं. त्यावर मी बाहेरची ड्रॉइंगची कामं करत असे.

"पाचवं?"

"कालच काढलं, मामा. घरी."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "जावयाचा शबूद. आनि काय बघायचं?" न बघता घेतलेलं त्यांच्या हयातीतलं ते पहिलं जनावर. पाचही खोकी त्यांनी माझ्या हातात दिली.

महिन्याभरानं इंदापूरच्या ज्या वर्कशॉपवाल्यानं ती लायसनं घेतली होती, त्याचा फोन आला. इंग्रजी वाचायला म्हणून मामा मलाच घेऊन गेले. चार कॉम्प्युटर चालू होते, पाचव्यावर लाल चौकोन.

"जावईबापू, काय लिवलंय वो?"

"काहीतरी बिघाड दिसतोय," मी म्हणालो.

"बिघाड कशाचा?" वर्कशॉपचा मालक मामांना म्हणाला. "दुसरीकडं चालू हाय म्हनतंय. आबा, एकच म्हस दोगांस्नी इकली व्हय?"

लेथवरची पोरं हसली. मामांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "माजीच चूक. डोळ्यानं बगाय पायजे हुतं." पाचव्याचे पैसे त्यांनी तिथल्या तिथं परत केले. परतीच्या वाटेवर, स्कूटरच्या मागच्या सीटवरून, त्यांच्या मानेकडं बघत मी आलो. त्यांनी काही विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे.

त्याच दिवशी मी घरातला प्रोग्रॅम काढून टाकला. पण आबा एक म्हैस दोघांना विकतात, हे तोवर दोन्ही गावांत पोचलं होतं. मामांना पुढं कुणी दारात उभं केलं नाही. त्या उपरण्यानं ते आता स्कूटर पुसतात. स्कूटर कुठं जात नाही, तरी रोज पुसतात. परवा एका लग्नात पंगतीला शेजारी बसले होते. भात कालवता कालवता म्हणाले, "जावईबापू, दावं हाय न्हवं जपून?"

"आहे, मामा."

"ठीवा. मालकापाशीच ऱ्हाऊ द्या."

ते पाचवं खोकं माळ्यावर आहे. ते घेऊन इंदापूरला जायचं, त्या लेथवरच्या लोकांसमोर उभं राहायचं आणि म्हैस मी बांधून ठेवली होती, एवढं सांगायचं. ते माझ्याकडून अजून राहिलं आहे.