भाऊसाहेबांची पिल्लं

"आधी शेपटी वर करून बघा, मग नाव ठेवा," असं टीचर मला म्हणाल्या तेव्हा फार उशीर झाला होता. जिन्यातल्या काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या मांजराला मी सहा महिने भाऊसाहेब म्हणत होतो. चालण्यात रुबाब, आणि दूध प्यायचं ते आपल्यावर उपकार केल्यासारखं. माझ्या ऑफिसातले साहेब चहा असाच घेत. एके सकाळी भाऊसाहेब आमच्या माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्यात, बाळंत झाले. तीन पिल्लं.

"तीन रंग दिसले की बाई समजायचं," टीचर म्हणाल्या. "तीनरंगी बोका क्वचित जन्मतो. तो आपल्या फुलपाड्यात कशाला येईल?"

तुमच्याही बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर अशी एखादी बाई असेल. आमच्या टीचर मूळच्या भुईगावच्या. तीस वर्षं मुलांना जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. म्हणजे अगदी एकट्या नव्हेत. सोबतीला पेद्रू होता. पेद्रू हा पिवळा, जाडजूड बोका. टीचर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्या की तो फाटकापर्यंत सामोरा जायचा. त्या खुर्चीत बसल्या की तो मांडीवर, आणि तो मांडीवर असला की टीचर पाहुणा आला तरी उठत नसत. मी तर बिल्डिंगचा सेक्रेटरी, पण माझ्यासाठीही कधी उठल्या नाहीत.

वर्गात त्या म्हणे कुणाला मारत नसत. कुणी शंका विचारली की आधी "चांगला प्रश्न" म्हणायच्या आणि मग उत्तर द्यायच्या. प्रश्न कितीही बावळट असो, उत्तर पूर्ण मिळायचं. बाजारात भेंडी घेताना एकदा मी बीबद्दल काहीतरी विचारलं, तर भेंडीवाल्यालाही सगळं पाठ झालं.

तर भाऊसाहेबांच्या पिल्लांत एक काळं निघालं आणि दोन पिवळी. झालं. दुसऱ्या मजल्यावरून तक्रार आली की पायपुसण्यांवर मुतणारा, सुरमईचा तुकडा पळवणारा आणि आता ही प्रजा वाढवणारा बोका एकच, पेद्रू. कमिटीने ठरवलं की पिल्लं पेद्रूची असतील तर त्याला पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडायचं. पाणी ओलांडलं की मांजर परतत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. नोटीस मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिली. 'पित्याबाबत चौकशी' असा मथळाही दिला.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. पुरावा म्हणून तिन्ही पिल्लं टोपलीत आणली होती. टीचर मिस्साच्या साडीतच आल्या, पर्समधून खडू काढला आणि भिंतीवर लिहायला लागल्या. भिंत नुकतीच रंगवलेली होती, पण टोकायची कुणाची छाती झाली नाही.

"पिवळा की काळा, हे ज्या गुणसूत्रावर ठरतं ते मांजरीकडे दोन असतात. एक आईचं, एक बापाचं. म्हणून तिच्या अंगावर पिवळा आणि काळा दोन्ही येऊ शकतात. पांढऱ्याची गोष्ट वेगळी, तो मध्ये आणू नका. बोक्याकडे ते एकच असतं, आणि ते फक्त आईकडून येतं. म्हणजे मुलगा पिवळा असला तर रंग आईचा. बापाला त्यात मत नाही."

"कमाल आहे," खजिनदार म्हणाले. "आमच्याकडे मुलगा वाया गेला तरच तो आईवर गेला म्हणतात."

"तुमच्या घरचं मी सांगत नाही. मांजराचं सांगते."

"म्हणजे ही पिल्लं पिवळी आहेत म्हणून पेद्रू बाप, असं म्हणता येत नाही?"

"पिवळा मुलगा दाखवून कुणाला पकडता येत नाही."

पेद्रू सुटला. दुसऱ्या मजल्याने चपला शोधायला सुरुवात केली. आणि मला, शाळेत विज्ञानात जेमतेम पास होत आलेल्या माणसाला, आयुष्यात पहिल्यांदाच त्या विषयातलं काहीतरी समजलं होतं. तो आनंद मला पचला नाही.

"पण टीचर," मी म्हणालो, "पिवळी मुलगी असेल तर?"

टीचर भिंतीकडून माझ्याकडे वळल्या. खडू त्यांनी पर्समध्ये ठेवला.

"चांगला प्रश्न," त्या म्हणाल्या. नेहमीपेक्षा हळू. "मुलगी पूर्ण पिवळी व्हायला दोन्हीकडून पिवळा लागतो. तेव्हा बापही पिवळाच असला पाहिजे."

मग त्यांनी टोपलीतलं एक पिवळं पिल्लू उचललं, शेपटी वर केली आणि सगळ्यांना दाखवली. "ही मुलगी आहे."

मी घाईघाईने म्हणालो, "मला तर मुलगाच वाटतो."

"तुमचं मत भाऊसाहेबांपासून माहीत आहे आम्हाला."

"दुसरा एखादा पिवळा बोका असेल."

"मी पाहिलेला नाही. तुम्ही पाहिलात, सेक्रेटरी?"

मीही पाहिला नव्हता.

पोत्याला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. त्याच दुपारी झाकणाच्या टोपलीत पेद्रूला घेऊन त्या रिक्षाने भुईगावला भावाच्या वाडीत गेल्या. रिक्षा वळेपर्यंत टोपलीतून आवाज येत होता. मी फाटकाशी उभा राहून नोटीस काढत होतो. टाचण्या निघत नव्हत्या.

पुढे टीचर शनिवारी भुईगावला जायच्या आणि रविवारी यायच्या. मग सोमवारी यायला लागल्या. मग बुधवारी. पावसाळ्याआधी त्यांच्या दाराला कुलूप दिसू लागलं, आणि दिवाळीच्या सुमारास भाडेकरूंचा टेम्पो आला. खडूचं गणित भिंतीवर तसंच होतं. पुसायचा ठराव कुणी मांडला नाही.

टेम्पोतून सामान उतरताना मी खिडकीत उभा होतो. बायकोला म्हणालो, "त्या गप्प बसल्या असत्या तर कुणाला काय कळणार होतं? पण त्यांनाही ते तिथेच कळलं ना, पिल्लू उचलल्यावर."

"तिथे कशाला कळायला?" ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली. "आदल्या दिवशी आम्ही दोघींनी तिन्ही शेपट्या बघितल्या होत्या. टीचर म्हणाल्या, मी आपणहून सांगणार नाही, पण कुणी विचारलं तर खोटं बोलता यायचं नाही. फार घाबरल्या होत्या हो. मीच त्यांना धीर दिला. म्हटलं, असं विचारण्याइतकं डोकं तिथे कुणाचं चालणार आहे? आणि आमच्या ह्यांची तर तुम्ही काळजीच करू नका."