लेमझिंगचं गाऱ्हाणं

हातखंब्याच्या नाक्यावर धाकटू गुरवाची लिंबूसोड्याची गाडी होती. मग समोरच 'लेमझिंग' या बाटलीबंद लिंबूसरबताचा भलामोठा फलक लागला. कॉलेजची पोरं गटवायला कंपनीच्या मेल्यांनी त्यावर एक कळकट गाडी आणि घोंघावणाऱ्या माश्या दाखवल्या. खाली लिहिलं, 'हे आजोबांसाठी. तुमच्यासाठी लेमझिंग!' धाकटूने उभ्या जन्मात गाडीवर माशी बसू दिली नव्हती, पण पोरं त्याच्याकडे बघून नाकं मुरडू लागली. धंदा पार बुडाला. धाकटू मात्र डूख धरून राहिला.

पुढे पोरं लेमझिंगलाही विटली, तेव्हा कंपनीला एकाएकी 'गावच्या चवी'चा पुळका आला. बाटलीवर तीच गाडी छापली, फक्त माश्या पुसल्या. नाक्यावर समारंभ ठरला आणि गावची रीत म्हणून देवाला गाऱ्हाणं घालायला गुरवालाच बोलावलं.

"घालतो की," धाकटू म्हणाला. दिल्लीहून आलेल्या साहेबाला मराठीचा गंध नव्हता. हात कसे जोडायचे आणि गावाबरोबर काय ओरडायचं, ते धाकटूनेच त्याला शिकवलं.

नारळ ठेवून त्याने आवाज चढवला. "बा देवा म्हाराजा! ज्यांनी माझ्या गाडीवर माश्या बसवल्या, त्यांच्या बाटलीला गिऱ्हाईक शिवू नये रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सवयीने अख्खा नाका गरजला.

"त्यांच्या कारखान्याला टाळं लागू दे रे म्हाराजा!"

आता गाव चपापलं. साहेब तेवढा डोळे मिटून, एकटाच, घसा फोडून ओरडला, "होय म्हाराजा!"