माझे शेअर्स आणि सुमनताईंची हार्ड डिस्क

"उघड म्हणते ना! माझा नवरा आहे त्यात!" शेजारच्या सुमनताई अशा गरजल्या की दिलीपच्या दुरुस्तीच्या दुकानातले मेलेले चार कॉम्प्युटर घाबरून आपोआप सुरू झाले असावेत. गेलेल्या यजमानांचे सगळे फोटो, गाणी म्हणतानाचा त्यांचा आवाज, सगळं त्या एका हार्ड डिस्कमध्ये होतं. ताईंनी ती आठ वर्षं दागिन्यांच्या कप्प्यात जपली आणि दर खंडेनवमीला पुजली. हळदकुंकू, अक्षता, वर फुलाने पाणी. दिलीपने हार्ड डिस्कची डबी उघडली, तर आत गंजलेला पिवळा चिखल.

मी मान खाली घातली, कारण ती डबी बनवणाऱ्या कंपनीचेच शेअर्स माझ्याकडे आहेत. "काका, पंधरा वर्षं विकू नका, जग साठवतच राहणार," असं सल्लागाराने मला बजावलंय. खरंच आहे. माणसं आज जेवणाआधी ताटाचा फोटो साठवतात, उद्या ढेकरही साठवतील. पण कंपनीची खरी बरकत हरवण्यात आहे. एक डबी मेली की माणूस धास्तावून दोन घेतो. म्हणजे माझं म्हातारपण सुखात जायला गावोगावचे असे नवरे दुसऱ्यांदा मरायला हवेत. आणि सांगायला लाज वाटते, तिथे उभ्या उभ्या मला आतून थोडं बरंही वाटलं.

ताईंचा आवाज आता पार बसला होता. "निदान त्यांचं एखादं गाणं तरी?"

दिलीपने नवी हार्ड डिस्क काउंटरवर ठेवली. "वॉरंटी डबीची असते, ताई. आतल्याची नसते."